फुलांच्या क्रॅबॲपलपासून स्कॅब-प्रतिकारक सफरचंदापर्यंत: संकराची पद्धत

मेलस फ्लोरिबुंडा हे जपानी क्रॅबॲपल बागेत लावले जाते ते त्याच्या फुलांसाठी. गडद गुलाबी कळ्या उमलताना फिकट होत जातात आणि पूर्ण उमललेली फुले जवळजवळ पांढरी दिसतात, त्यामुळे बहराच्या दिवसांत एकाच फांदीवर गुलाबी ते पांढऱ्यापर्यंतच्या सर्व छटा एकत्र असतात. फळे मात्र जेमतेम एक सेंटिमीटर व्यासाची, पिवळसर-तांबूस आणि तुरट असल्यामुळे खाण्याच्या दृष्टीने त्यांना मोल नाही. हे झाड 1860 च्या दशकात जपानमधून युरोपात आले आणि पुढची अनेक दशके शोभेचे झाड म्हणूनच ओळखले गेले. सफरचंदाच्या वाणनिर्मितीत त्याचे स्थान आज फार वरचे आहे, कारण जगातील बहुसंख्य स्कॅब-प्रतिकारक वाणांमधील प्रतिकारशक्ती या प्रजातीच्या एका झाडापासून आलेली आहे. त्या प्रतिकारशक्तीचा उपयोग स्वतःच्या संकर-कार्यक्रमात कसा करावा, आणि तो करताना कोठे सावध राहावे, हे येथे क्रमाने मांडले आहे.

स्कॅब हा व्हेन्चुरिया इनइक्वालिस या बुरशीमुळे होणारा रोग. पानांवर आणि फळांवर मखमली, काळपट-हिरवे डाग पडतात, डागांखालची वाढ खुंटून फळ वेडेवाकडे होते आणि पुढे त्याला तडे जातात. दमट आणि थंड वसंत असलेल्या प्रदेशांत हा रोग आटोक्यात ठेवण्यासाठी एका हंगामात 10 ते 15 किंवा त्याहूनही अधिक बुरशीनाशक फवारण्या कराव्या लागतात. सफरचंदाच्या बागेतील एकूण फवारण्यांपैकी सर्वांत मोठा वाटा याच एका रोगाचा असतो, म्हणून प्रतिकारक वाण तयार करणे हे केवळ उत्पादनवाढीचे काम नाही, तर बागेत पडणारे रसायन कमी करण्याचा तो सर्वांत थेट मार्ग आहे.

आधी इतिहास, कारण पद्धत त्यातूनच कळते

अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात सी. एस. क्रॅन्डल यांनी 1914 च्या सुमारास ‘रोम ब्यूटी’ या सफरचंदाचा मेलस फ्लोरिबुंडाच्या 821 क्रमांकाच्या झाडाशी संकर केला. त्यांचा हेतू आनुवंशिकतेचा अभ्यास हा होता, स्कॅबचा विचार त्यामागे नव्हता. संकरातून आलेल्या रोपांचा आपसांत पुन्हा संकर करून त्यांनी दुसरी पिढी वाढवली. पुढे 1940 च्या दशकात एल. एफ. हफ यांच्या लक्षात आले की, भोवतालची झाडे स्कॅबने भरलेली असताना या पिढीतील काही झाडे स्वच्छ राहतात. पर्ड्यू विद्यापीठातील जे. आर. शे यांच्यासह 1945 मध्ये सहकार्याचा कार्यक्रम सुरू झाला आणि पर्ड्यू, रटगर्स व इलिनॉय या तीन विद्यापीठांच्या आद्याक्षरांवरून तो पीआरआय म्हणून ओळखला जाऊ लागला. दुसऱ्या पिढीतील 26829-2-2 हे निवडक झाड पुढील बहुतेक संकरांचा पाया ठरले. पहिला वाण ‘प्रिमा’ 1970 मध्ये प्रसारित झाला, म्हणजे पहिल्या संकरापासून अर्धशतकाहून अधिक काळ गेला.

एवढा काळ लागण्याचे कारण फळाच्या आकारात आहे. मोठ्या सफरचंदाचा एक सेंटिमीटरच्या फळाशी संकर केला, तर पहिल्या पिढीतील फळे दोहोंच्या मधोमध येत नाहीत, तर लहान पालकाकडे झुकतात. म्हणून प्रत्येक पिढीतील प्रतिकारक झाड पुन्हा मोठ्या, चवदार फळांच्या वाणाशी जुळवावे लागते. फ्लोरिबुंडाचा वाटा पहिल्या पिढीत 50 टक्के असतो. त्यानंतर तो सरासरीने 25, 12.5, 6.25 आणि 3.1 टक्के असा उतरत जातो. तीन-चार उलट-संकरांनंतरच बाजारात मान्य होईल असे फळ हाती येऊ लागते. मात्र प्रत्येक वेळी तोच वाण वापरता येत नाही. जवळच्या नात्यातील संकरामुळे सफरचंदाच्या रोपांचा जोम घटतो, आणि सफरचंद स्वतःच्या किंवा स्वतःसारख्याच परागाला नाकारत असल्यामुळे बीजधारणाही कमी होते. म्हणून ‘रोम ब्यूटी’नंतर ‘गोल्डन डेलिशस’, त्यानंतर ‘मॅकिंटॉश’ वर्गातील एखादा वाण, अशी पालकांची बदलती साखळी आखावी.

पालक कोणता घ्यावा

पहिला निर्णय हाच आणि सर्वांत महत्त्वाचाही हाच. थेट मेलस फ्लोरिबुंडापासून सुरुवात करायची की आधीच तयार झालेल्या प्रतिकारक वाणापासून? ज्यांना खाण्याजोगे फळ आपल्या कार्यकाळात पाहायचे आहे, त्यांनी निःशंकपणे दुसरा मार्ग धरावा. ‘प्रिमा’, ‘प्रिसिला’, फ्रान्समधील ‘फ्लोरिना’, न्यूयॉर्क राज्यातील जिनीव्हा येथील ‘लिबर्टी’, प्राग येथील ‘टोपाझ’ आणि पीआरआय कार्यक्रमातील ‘एंटरप्राइज’ व ‘गोल्डरश’ या सर्वांत फ्लोरिबुंडाचेच जनुक आहे आणि लहान फळांचा अडसर त्यांत आधीच पार झालेला आहे. यांपैकी ‘गोल्डरश’ दीर्घ साठवणीसाठी आणि ‘टोपाझ’ चवीसाठी पालक म्हणून विशेष उपयोगी पडतात.

मूळ 821 क्रमांकाच्या झाडाकडे वळण्याचे कारण वेगळे आणि महत्त्वाचे आहे. पैदासकार ज्या जनुकाला पूर्वी व्हीएफ म्हणत आणि आता आरव्हीआय 6 म्हणतात, ते पहिल्या गुणसूत्रावर असून प्रभावी आहे, म्हणजे त्याची एकच प्रत पुरते. 821 मध्ये याशिवाय आरव्हीआय 7 हे स्कॅब-प्रतिकाराचे आणखी एक जनुक आहे, आणि ते बहुतेक व्यापारी वाणांपर्यंत पोहोचताना वाटेतच गळले आहे. याच झाडाच्या बाराव्या गुणसूत्रावर फायर ब्लाइट या जिवाणूजन्य रोगाला रोखणारा एक भागही सापडला आहे. म्हणजे पन्नास वर्षे निवड करताना जे एकच जनुक डोळ्यांसमोर होते ते टिकले, आणि ज्यांच्याकडे लक्ष नव्हते ती मागे राहिली. हे मागे राहिलेले धन पुन्हा गोळा करायचे असेल तर मूळ झाडाला पर्याय नाही. त्यासाठी चार-पाच पिढ्यांची तयारी मात्र हवी.

रोपवाटिकेत ‘मेलस फ्लोरिबुंडा’ या नावाने मिळणारे रोप 821 असेलच असे नाही. ते बीपासून वाढवलेले किंवा दुसऱ्याच क्रॅबॲपलचे असू शकते, आणि शोभेसाठी तेवढे पुरेसे असले तरी संकरासाठी ते विश्वासार्ह नसते. जननद्रव्य संग्रहातून क्रमांकासह कलमकाड्या मागवाव्यात, देशाबाहेरून आणायच्या असतील तर वनस्पती संगरोधाचे नियम पूर्ण पाळावेत, आणि हाती आलेल्या झाडाची डीएनए मार्करने, म्हणजे विशिष्ट जनुक आहे की नाही हे दाखवणाऱ्या डीएनएमधील खुणेने, एकदा खात्री करून घ्यावी. एवढे करूनही पहिल्या पिढीतील प्रत्येक रोप प्रतिकारक निघेल असे गृहीत धरू नये.

दुसरा पालक निवडताना तीन गोष्टी तपासाव्यात. तो ‘जोनागोल्ड’ किंवा ‘ब्रॅमली’सारखा त्रिगुणित नसावा, कारण सामान्य सफरचंदात 34 गुणसूत्रे असतात, तर त्रिगुणितात 51 असल्यामुळे त्याचा पराग निकृष्ट असतो आणि बीही कमी धरते. दोन्ही पालकांतील परागनाकारक जनुकांची जोडी तंतोतंत सारखी नसावी, नाहीतर फळ धरणारच नाही. आणि त्याच्याकडे स्कॅब-प्रतिकाराचे वेगळ्या उगमाचे जनुक असेल तर उत्तमच. या शेवटच्या मुद्द्याचे कारण पुढे येईल.

पराग गोळा करणे आणि संकर करणे

फ्लोरिबुंडा परागदाता म्हणून आणि मोठ्या फळांचे सफरचंद मादी म्हणून वापरणे सोयीचे पडते. बहराची वेळ जुळत नसेल तर फ्लोरिबुंडाच्या कळ्या धरलेल्या फांद्या कापून उबदार खोलीत पाण्यात ठेवल्यास त्या लवकर फुलतात. कळी फुगून गोल झाली आहे, पण पाकळ्या उघडलेल्या नाहीत, हीच पराग गोळा करण्याची योग्य अवस्था. कळ्यांतील परागकोष बारीक चाळणीवर किंवा चिमट्याने वेगळे करून कागदावर पातळ पसरावेत आणि 20 ते 25 अंश सेल्सिअस तापमानात, कोरड्या हवेत, एक-दोन दिवस ठेवावेत. कोष फुटून पिवळी पूड मोकळी झाली की ती छोट्या कुपीत भरून, सिलिका जेलसह बंद डब्यात, शीतकपाटात ठेवावी. एका हंगामापुरते 4 अंश पुरेसे असते. पुढच्या वर्षासाठी पराग राखायचा असेल तर उणे 20 अंशांवर साठवावा. वापरण्यापूर्वी 10 टक्के साखर आणि अत्यल्प बोरिक आम्ल असलेल्या द्रावणाच्या थेंबात थोडा पराग टाकून काही तासांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे. निम्म्याहून अधिक कणांना नलिका फुटलेल्या दिसल्या, तर पराग चांगला आहे असे समजावे.

मादी झाडावरही हीच फुगीर कळीची अवस्था धरावी, कारण या टप्प्यावर कुक्षी ग्रहणक्षम होत आलेली असते आणि मधमाशी फुलात शिरलेली नसते. प्रत्येक गुच्छातील दोन-तीन सशक्त कळ्या ठेवून बाकीच्या काढाव्यात. ठेवलेल्या कळीच्या निदलपुंजाच्या कडेला नखाने किंवा बारीक कात्रीने गोल काप देऊन पाकळ्या आणि पुंकेसर एकत्रच उचलून टाकावेत. पाच कुक्षींना धक्का लागू देऊ नये. पाकळ्या गेल्या की मधमाश्यांना ते फूल फारसे आकर्षित करत नाही, तरीही फांदीवर पातळ कापडी किंवा कागदी पिशवी चढवावी असे माझे मत आहे, कारण एका चुकीच्या परागामुळे पुढच्या दहा वर्षांचा हिशेब बिघडू शकतो. पराग बारीक कुंचल्याने किंवा बोटाच्या टोकाने कुक्षींवर लावावा आणि शक्य असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा एकदा लावावा. थंडी असेल तर परागनलिका हळू वाढते, म्हणून 15 अंशांहून अधिक तापमानाचा, पाऊस नसलेला दिवस निवडावा. प्रत्येक फांदीला दोन्ही पालकांची नावे आणि तारीख लिहिलेली पट्टी बांधावी. या नोंदीवाचून पुढचे सारे काम निरर्थक ठरते. पाकळ्या गळण्याचा काळ संपला की पिशवी काढून टाकावी.

सफरचंदाच्या पाच कप्प्यांत प्रत्येकी साधारण दोन बीजांडे असतात, म्हणजे एका फळात जास्तीत जास्त दहाच्या आसपास बिया, आणि प्रत्यक्षात पाच ते आठ. यावरून हव्या असलेल्या रोपांसाठी किती फुले लागतील याचा अंदाज आधीच बांधता येतो. 400 बिया हव्या असतील तर किमान 60 ते 80 फळे टिकली पाहिजेत, आणि गळ लक्षात घेऊन त्याच्या कितीतरी पट फुलांवर संकर केला पाहिजे.

पक्व फळांतील बिया धुऊन, सावलीत पृष्ठभाग कोरडा होईपर्यंत ठेवून, ओलसर वाळूत किंवा पीटमध्ये मिसळाव्यात आणि 3 ते 5 अंशांवर 8 ते 12 आठवडे ठेवाव्यात. या थंडीशिवाय सुप्तावस्था मोडत नाही. अंकुर दिसू लागले की पेरणी करावी.

कोवळ्या रोपांची परीक्षा

रोपांवर दोन ते चार खरी पाने आली की स्कॅबची कसोटी घ्यावी. पानांचे वय येथे निर्णायक असते. सफरचंदाचे जुने, पूर्ण वाढलेले पान कोणत्याही जनुकाशिवायही बुरशीला बऱ्यापैकी रोखते, त्यामुळे परीक्षा सर्वांत वरच्या, नुकत्याच उलगडलेल्या पानांवरच व्हायला हवी. रोगट पानांवरील ताजे बीजाणू पाण्यात खरवडून गाळून घ्यावेत. एका मिलिलिटरमध्ये साधारण दोन-अडीच लाख बीजाणू असतील असे द्रावण करून ते पानांवर बारीक फवारावे. त्यानंतर 48 तास पाने ओली राहतील अशा बंद, पूर्ण दमट जागेत, 18 ते 20 अंश तापमानात रोपे ठेवावीत. पुढेही हवा दमटच राखावी. सोबत एखाद्या रोगास बळी पडणाऱ्या वाणाची रोपे अवश्य ठेवावीत, कारण ती रोगट झाली नाहीत तर परीक्षाच झाली नाही असे मानून ती पुन्हा घ्यावी लागते.

निरीक्षण 14 व्या आणि 21 व्या दिवशी करावे. लक्षणांची श्रेणी सर्वसाधारणपणे 0 ते 4 अशी धरली जाते. 0 म्हणजे कोणतेही लक्षण नाही, 1 म्हणजे टाचणीच्या टोकाएवढे खड्डे, 2 म्हणजे बीजाणूंशिवाय पिवळेपणा, 3 म्हणजे पिवळेपणा किंवा सुकलेले ठिपके आणि त्यांवर थोडेफार बीजाणू, आणि 4 म्हणजे मखमली बीजाणूंनी भरलेला रोगट डाग. नवशिक्या पैदासकाराचा कल 0 ते 2 या श्रेणींतील रोपे ठेवून बाकी सर्व फेकण्याकडे असतो, आणि माझ्या मते येथेच सर्वाधिक चांगली रोपे वाया जातात. आरव्हीआय 6 असलेली रोपे काचगृहाच्या कठोर परिस्थितीत बऱ्याचदा श्रेणी 3 दाखवतात, पण बागेत तीच झाडे स्वच्छ राहतात. श्रेणी 4 निर्दयपणे काढून टाकावी. श्रेणी 3 मधील ज्या रोपांवर बीजाणू विरळ आहेत, ती मात्र राखावीत.

प्रतिकारक पालकात जनुकाची एक प्रत आणि दुसऱ्या पालकात एकही नसेल, तर निम्मी रोपे प्रतिकारक निघावीत, आणि दोघांत एकेक प्रत असेल तर चारांपैकी तीन. ज्यांना प्रयोगशाळेची सोय आहे त्यांनी एएल07 किंवा सीएच-व्हीएफ1 या आरव्हीआय 6 च्या मार्करांनी रोपे आधीच छाटावीत. जेव्हा एकाच रोपात दोन वेगवेगळी जनुके एकत्र आणायची असतात तेव्हा मार्करला पर्याय उरत नाही, कारण दोन प्रतिकार एकमेकांवर झाकले जातात आणि नुसत्या डोळ्यांनी एक जनुक आहे की दोन, हे ओळखता येत नाही. मार्करचा दुसरा उपयोगही दुर्लक्षू नये. जनुकाच्या दोन्ही बाजूंना चिकटून फ्लोरिबुंडाच्या गुणसूत्राचा एक तुकडा पिढ्यान्‌पिढ्या येत राहतो आणि उलट-संकर केले तरी तो आपोआप फार हळूहळूच लहान होतो. दोन्ही बाजूंचे मार्कर तपासून ज्या रोपात हा तुकडा तुटला आहे ते निवडणे, हाच त्यावरचा उपाय.

एका जनुकावर विसंबू नये

जर्मनीतील आरेन्सबुर्ग येथे ‘प्रिमा’सारख्या प्रतिकारक मानल्या गेलेल्या वाणांवर स्कॅब दिसला, आणि 1993 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या बुरशीची सहावी रेस, म्हणजे ठरावीक प्रतिकार-जनुकांना ओलांडू शकणारा तिचा उपप्रकार, म्हणून त्याची नोंद झाली. ही रेस आरव्हीआय 6 ला निष्प्रभ करते, पण मूळ 821 झाडाला ती बाधत नाही, कारण त्याच्याकडे आरव्हीआय 7 चे दुसरे संरक्षण आहे. त्यानंतर इंग्लंडमध्ये सापडलेली सातवी रेस 821 लाही बाधली. ‘गोल्डन डेलिशस’, जो एरवी स्कॅबला सहज बळी पडतो, तो मात्र आरव्हीआय 1 या जनुकामुळे सातव्या रेसला दाद देत नाही. या तीन ओळींच्या घटनाक्रमात वाणनिर्मितीची दिशा स्पष्ट होते: एकेकटे जनुक मोडते, पण बुरशीच्या एकाच रेसला अनेक जनुके एकाच वेळी ओलांडणे फार कठीण जाते.

म्हणून फ्लोरिबुंडाचे जनुक पाया मानून त्याच्या जोडीला दुसऱ्या उगमाचा प्रतिकार आणावा. रशियातील जुन्या ‘अँटोनोव्हका’ वाणातील, थोडाथोडा परिणाम करणाऱ्या अनेक जनुकांवर उभा असलेला प्रतिकार या कामी फार मोलाचा आहे. तो पूर्ण नसतो, पण एकदम कोसळतही नाही. प्रत्यक्ष योजना अशी करावी की, एका रांगेत आरव्हीआय 6 असलेला उत्तम फळांचा वाण, दुसऱ्या रांगेत ‘अँटोनोव्हका’पासून आलेला किंवा अन्य जनुक असलेला वाण समांतर सुधारत न्यावा आणि शेवटच्या संकरात दोन्ही एकत्र आणून मार्करने दुहेरी रोपे निवडावीत. सारा भार पहिल्याच संकरात टाकला, तर दोन्हीकडच्या निकृष्ट फळगुणांची ओढ एकाच वेळी सोसावी लागते.

संकराशिवाय, प्रयोगशाळेत जनुक थेट घालण्याचा मार्गही सिद्ध झालेला आहे. फ्लोरिबुंडाचे एचसीआरव्हीएफ2 हे एकच जनुक ‘गाला’ वाणात घालून तो स्कॅब-प्रतिकारक झाल्याचे 2004 मध्ये दाखवले गेले. ज्या देशांत अशा झाडांच्या लागवडीला परवानगी नाही, तेथे हा मार्ग संशोधनापुरताच राहतो.

फळ लवकर पाहण्यासाठी

बीपासून वाढलेले सफरचंद फळावर यायला पाच ते आठ वर्षे घेते. पहिली दोन वर्षे रोपाची छाटणी टाळून त्याची उंची झपाट्याने वाढू द्यावी, कारण वरचा भाग तळापेक्षा शारीरिकदृष्ट्या अधिक प्रौढ असतो. मग त्याच वरच्या भागातील डोळा एम 9 या बुटक्या खुंटावर भरावा. यामुळे दोन-तीन वर्षे वाचू शकतात. फळे आल्यावर पहिल्या वर्षीच्या आकारावरून अंतिम निर्णय घेऊ नये. आकार, तुरटपणा, आम्ल-गोडाचा तोल आणि शीतगृहातील टिकाऊपणा किमान तीन हंगाम पाहावा. तुरटपणा मात्र पहिल्याच चाव्यात ओळखू येतो, आणि तो ठळक असेल तर ते झाड फळांसाठी न ठेवता पुढच्या संकराचा पालक म्हणूनच राखावे.

निवडलेले झाड बागेत गेल्यावरही त्याचा प्रतिकार जपावा लागतो. आदल्या वर्षीच्या गळलेल्या पानांवर बुरशी हिवाळा काढते आणि लैंगिक पुनरुत्पादनातून तेथेच नव्या रेस तयार होतात, म्हणून पानगळीच्या सुमारास 5 टक्के युरियाची फवारणी करावी, जमिनीवरची पाने बारीक करावीत किंवा गोळा करून बागेबाहेर न्यावीत. वसंतात, पहिल्या बीजाणूंच्या मुख्य प्रसाराच्या काळात, दोन-तीन निवडक फवारण्या प्रतिकारक वाणावरही कराव्यात, आणि एखाद्या झाडावर मखमली डाग दिसलाच तर त्या पानाचा नमुना सुकवून, तारीख आणि वाणाचे नाव लिहून रोगशास्त्राच्या प्रयोगशाळेकडे पाठवावा, म्हणजे कोणती रेस आली आहे हे कळून पुढच्या संकरातील जनुकांची निवड त्यानुसार बदलता येते.